हाय खाल्लेल्या हृदयाचा आलेख

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. माझ्या नावाआधी 'डॉक्टर' लागतं ते तत्त्वज्ञानातलं. तेव्हा व्याख्यान संपल्यावर कृपा करून कोणी पिशवीतून आपले रिपोर्ट काढू नयेत. मागे एकदा तसं झालेलं आहे आणि त्या गृहस्थांची फार निराशा झाली.

आजचा विषय मात्र हृदयाचाच आहे. आपल्याकडे एक शब्दप्रयोग आहे, 'हाय खाणे'. अमक्याने हाय खाल्ली आणि तो गेला, असं आपण सहज म्हणतो. आजी म्हणायची, आई म्हणायची. म्हणताना त्यात शरीरशास्त्र काय आहे याचा विचार कोणी करत नव्हतं. धक्का बसला, तो काळजाला लागला, माणूस उरला नाही. पानिपतानंतर पाच महिन्यांनी, २३ जून १७६१ रोजी, नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले, तर त्यांनी पानिपताची हाय खाल्ली असं आपण शाळेपासून ऐकत आलो. तिकडे लंडनमध्ये जॉन हंटर नावाचा प्रख्यात शल्यवैद्य होता. त्याला छातीदुखीचा विकार होता, आणि तो म्हणे उघड सांगायचा की मला चिडवणाऱ्या कुठल्याही हलकटाच्या हातात माझा जीव आहे. १७९३ मध्ये रुग्णालयाच्या बैठकीत वादावादी झाली आणि तो तिथेच गेला.

आता इतिहासाच्या अभ्यासकाने इथे जरा थांबलं पाहिजे. हंटरचं शवविच्छेदन झालं, त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्या कठीण झालेल्या सापडल्या. म्हणजे राग हे निमित्त, आजार आधीपासूनचा. आणि नानासाहेबांच्या बाबतीत पाच महिने हा काळ फार मोठा आहे. ज्या विकाराबद्दल मी आज बोलणार आहे तो मारतो तेव्हा बहुधा काही दिवसांत मारतो. तेव्हा दोन्ही गोष्टी म्हण म्हणून ठीक, पुरावा म्हणून नाही. हाय खाल्लेल्या हृदयाचा पुरावा कागदावर उमटायला विसावं शतक यावं लागलं, आणि तो कागद वाचायला जवळजवळ ते शतक संपावं लागलं.

मी या विषयाकडे वळलो त्याला घरचं कारण आहे. आठ वर्षांपूर्वी आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, अचानक गेले. अक्का तेव्हा बहात्तर वर्षांची. सावडायच्या दिवशी सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं, घाम फुटला. भाच्याने तिला गाडीत घालून जिल्ह्याच्या गावी नेलं. तिथे ईसीजी काढला. आमच्या पिढीचे लोक 'कार्डिओग्राम' म्हणतात, तोच. तो पाहून तिथल्या डॉक्टरांनी एक क्षण दवडला नाही. मोठा अटॅक आहे म्हणाले, तासाभरात अँजिओग्राफी केली. आणि रक्तवाहिन्या स्वच्छ! कुठे गाठ नाही, कुठे अरुंदपणा नाही. भाच्याने मला फोनवर विचारलं, "मामा, कागद वाईट आणि नळ्या चांगल्या, यातलं खरं काय धरायचं?" तत्त्वज्ञानात पंचेचाळीस वर्षं घालवूनही याहून चांगला प्रश्न मला कोणी विचारलेला नाही.

तो कागद मुळात काय आहे ते पाहू. १८८७ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ऑगस्टस वॉलर या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने, छाती न उघडता, जिवंत माणसाच्या हृदयातली वीज बाहेरून टिपता येते हे दाखवून दिलं. त्याचा जिमी नावाचा बुलडॉग होता. त्याचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून वॉलर प्रात्यक्षिक करायचा. १९०९ मध्ये ते रॉयल सोसायटीत केलं, तर कुत्र्याचा छळ होतो म्हणून ब्रिटिश संसदेत प्रश्न आला! मजा अशी की खुद्द वॉलरला आपल्या शोधाचा रुग्णालयात फारसा उपयोग होईल असं वाटत नव्हतं. तसं त्याने १९११ च्या सुमाराला बोलून दाखवलं. भविष्य वर्तवणं किती अवघड, याचा हा पहिला दाखला घ्या.

उपयोग करून दाखवला तो हॉलंडमधल्या लायडनच्या विलेम आइन्टहोवेनने. त्याचा जन्म जावा बेटावरचा. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये क्वार्ट्झची चांदी चढवलेली अतिसूक्ष्म तार ताणायची. हृदयाची वीज तिच्यातून गेली की ती हलते, तिची सावली सरकत्या फोटोच्या काचेवर पडते. यंत्राचं वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास, चालवायला पाच माणसं. रुग्णाचे हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत. रुग्णांना यंत्राकडे आणणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने आलेख प्रयोगशाळेत मागवले. १९२४ चं नोबेल त्याला मिळालं. आलेखावरच्या चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावं त्याचीच. ही अक्षरं मधूनच का सुरू होतात याचं एक पटणारं स्पष्टीकरण असं देतात की वक्ररेषेवरच्या बिंदूंना अशी अक्षरं द्यायची पद्धत देकार्तपासून गणितात रूढ होती. मन आणि शरीर यांना दोन स्वतंत्र द्रव्यं मानणारा तोच देकार्त! मनाचा घाव शरीरावर जिथे उमटतो त्या आलेखावर त्याची अक्षरं बसली आहेत. असो, हे विषयांतर झालं.

आपल्याला आज तीन गोष्टी पुरतील. क्यू-आर-एस हा उंच टोकदार भाग, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावायला सुरुवात होते तो क्षण. त्यानंतरचा सपाट पट्टा तो एसटी. आणि शेवटचा बुटका उंचवटा तो टी, म्हणजे पुढच्या ठोक्यासाठी पेशींची पुन्हा तयारी. क्यूपासून टी संपेपर्यंतचा काळ म्हणजे क्यूटी.

न्यूयॉर्कच्या हॅरल्ड पार्डी यांनी १९२० मध्ये दाखवलं की हृदयाची रक्तवाहिनी एकाएकी बुजली तर एसटीचा पट्टा वर उचलला जातो. तिथून पुढे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी पाठ केलं: एसटी वर, म्हणजे रक्तवाहिनी बंद. आणि नव्याण्णव वेळा ते धरून चालणंच रुग्णाच्या हिताचं असतं. अक्काच्या डॉक्टरांनी केलं ते बरोबरच केलं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

आता जपान. १९८३ मध्ये हिरोशिमातल्या एका रुग्णालयात साठी ओलांडलेली एक बाई आली. छातीत दुखणं, आलेख मोठ्या अटॅकचा, आणि रक्तवाहिन्या मोकळ्या. डाव्या खालच्या कप्प्याचं चित्र घेतलं तर विचित्र आकार: तळ फुगलेला, निपचित, मानेकडचा भाग मात्र जोरात आकसणारा. दोनेक आठवड्यांत सगळं पूर्ववत. पुढे असे आणखी रुग्ण दिसले. हिकारू सातो आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एका जपानी ग्रंथातल्या प्रकरणात त्याला नाव दिलं 'ताकोत्सुबो'. ताको म्हणजे ऑक्टोपस, त्सुबो म्हणजे मडकं. जपानी कोळी ऑक्टोपस पकडायला समुद्रात निमुळत्या तोंडाची गोल मडकी सोडतात, तसा आकार. पुढच्या वर्षी पाच रुग्णांवर लेख आला, तोही जपानीत. त्यात त्यांचा तर्क असा होता की अनेक रक्तवाहिन्यांना एकाच वेळी आकडी येत असावी. जगाला याचा पत्ता लागायला आणखी दहा-पंधरा वर्षं गेली. जपानी भाषेत लिहिलं म्हणून उशीर झाला, हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रुग्ण बहुतेक उतारवयाच्या बायका होत्या. 'घाबरली आहे', 'मनाला लावून घेतलंय' या शब्दांत त्यांची बोळवण करणं सगळीकडेच सोपं होतं.

खरं म्हणजे सुगावे आधीही होते. १९४२ मध्ये हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी, मंत्रतंत्राच्या भीतीने धडधाकट माणसं मरतात ती कशी, यावर लेख लिहिला आणि अॅड्रेनलच्या स्रावांकडे बोट दाखवलं. पण त्यांच्यापाशी प्रवाशांचे, वैद्यांचे वृत्तांत होते, आलेख नव्हते. १९५४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या जॉर्ज बर्च आणि सहकाऱ्यांनी मेंदूत रक्तस्राव झालेल्यांचे आलेख छापले. टी मोठे आणि विचित्र, क्यूटी लांबलेला. दुखणं डोक्यात, खूण छातीवर! १९८० मध्ये ओहायोतल्या दोन विकृतिशास्त्रज्ञांनी मारहाणीनंतर मेलेल्या १५ जणांची तपासणी केली. आतल्या अवयवांना जीवघेणी इजा कोणालाच नव्हती, आणि तरी ११ जणांच्या हृदयाच्या स्नायूंत एका विशिष्ट तऱ्हेची मोडतोड होती. या सगळ्या सुट्या मण्यांत दोरा ओवायला वेळ लागला.

२००५ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या इलन विटस्टीन आणि सहकाऱ्यांनी १९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या १८ स्त्रिया. कारणं काय काय? जिवलगाचा मृत्यू, सशस्त्र दरोडा, अचानक दिलेली वाढदिवसासारखी पार्टी, आणि चार लोकांपुढे बोलण्याची धास्ती. (हे वाचल्यापासून मी व्याख्यानाआधी एक ग्लास पाणी जास्त पितो.) त्यांच्या रक्तात अॅड्रेनलिनच्या कुळातली द्रव्यं मोठ्या अटॅकच्या रुग्णांपेक्षाही दोन-तीन पट जास्त होती. रक्तवाहिनी बुजलेली नाही. स्नायूच या लोंढ्याने बधिर झाला आहे.

मग आलेखाने खोटं सांगितलं का? इथे माझ्या विषयातलं थोडं सांगतो. न्यायदर्शनात अनुमानाचे जे प्रकार दिलेत, त्यांतले दोन आपल्या कामाचे. नदी दुथडी भरून वाहतेय, म्हणजे वरच्या अंगाला पाऊस पडून गेला. हे कार्यावरून कारणाकडे जाणं, 'शेषवत्'. आभाळ भरून आलंय, म्हणजे पाऊस येणार. हे कारणावरून कार्याकडे, 'पूर्ववत्'. वैद्यकात पहिल्याला निदान म्हणतात, दुसऱ्याला भाकीत. ईसीजीचा कागद एकच, पण आपण त्याला दोन्ही प्रश्न विचारतो: काय झालं? आणि काय होणार?

गौतमाच्या सूत्रांत या अनुमानावर एक आक्षेप नोंदवला आहे, तो फार सुंदर आहे. नदी कोणी पुढे बांध घातला म्हणूनही तुंबून फुगू शकते, मग फुगलेल्या नदीवरून पावसाचं अनुमान कसं करता? त्यावर उत्तर असं की अहो, नुसती फुगलेली नदी हा हेतू नाहीच. पावसाच्या पुराचं पाणी वेगळं असतं. त्याला ओढ असते, फेस असतो, पानं-फळं-लाकडं वाहून येतात. ते न बघता नुसतं पाणी वाढलं एवढंच बघितलंत तर चूक तुमची, अनुमानाची नाही.

२०१० मध्ये योकोहामाच्या मासामी कोसुगे आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. बारा लीडच्या ईसीजीत 'एव्हीआर' नावाची एक लीड असते, उजव्या खांद्याकडून हृदयाकडे बघणारी. १९४२ मध्ये गोल्डबर्गर यांनी ती दिली आणि त्यानंतर बहुतेकांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. कॉलेजातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरासारखी ती. कोसुगेंना दिसलं की ताकोत्सुबोत पहिल्या काही तासांत एव्हीआरमध्ये एसटी खाली जातो आणि छातीवरच्या पहिल्या लीडमध्ये, म्हणजे व्हीवनमध्ये, तो वर उचललेला नसतो. ही जोडी त्यांच्या रुग्णांत ९५ टक्के वेळा बरोबर निवाडा करत होती. फेस आणि पानं बघितली म्हणायची! इतर ठिकाणी ती इतकी चालत नाही, असंही पुढे लोकांनी सांगितलं, आणि म्हणूनच केवळ आलेखावर विसंबून अँजिओग्राफी टाळावी असं कोणी शहाणा डॉक्टर म्हणत नाही. निदानाची गोष्ट इथे सोडतो. माझा खरा रस दुसऱ्या प्रश्नात आहे.

अक्काला पाचव्या दिवशी घरी सोडलं. सोडताना सांगितलं, हा आजार निरुपद्रवी, महिन्याभरात हृदय होतं तसं होईल. बाराव्या दिवशी तिला ताप, खोकला आणि अशक्तपणा, म्हणून भाचा दुसऱ्या एका दवाखान्यात घेऊन गेला. तिथे रीतीप्रमाणे ईसीजी निघाला आणि गोंधळ उडाला. सगळे टी उलटे. नुसते उलटे नव्हेत, विहिरीसारखे खोल. पहिल्या दिवसापेक्षा हा कागद दिसायला कितीतरी भयानक. तिथल्या डॉक्टरांनी भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं की दुसरा अटॅक तोंडावर आहे, हिला आजच्या आज मोठ्या शहरात हलवा.

ते घाबरले त्यालाही इतिहास आहे. १९८२ मध्ये हॉलंडच्या हाइन वेलेन्स आणि सहकाऱ्यांनी छातीदुखीच्या १४५ रुग्णांचे आलेख पाहिले. २६ जणांत छातीवरच्या लीड्समध्ये टी असेच खोल उलटे होते. त्यातल्या ज्या १६ जणांवर शस्त्रक्रिया झाली नाही, त्यांच्यापैकी १२ जणांना काही आठवड्यांत हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा अटॅक आला. वैद्यकातलं इतकं स्पष्ट भाकीत क्वचितच सापडतं. उलटा टी म्हणजे भरून आलेलं आभाळ, हे त्या दिवसापासून पक्कं झालं.

पण ताकोत्सुबोत तोच उलटा टी जवळजवळ प्रत्येकात येतो. सातोशी कुरिसू आणि इतर जपानी डॉक्टरांनी रोजच्या रोज आलेख काढून त्याचं वेळापत्रकच मांडलं. आधी एसटी वर. दोन-तीन दिवसांत तो खाली बसतो आणि टी उलटतो. मग काही दिवस टी जरा सुधारल्यासारखा वाटतो. आणि मग पुन्हा, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला, आणखी खोल उलटतो. तेव्हा हृदयाची हालचाल मात्र सुधारत आलेली असते! पादुआच्या मार्टिना पेराझोलो मारा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एमआरआय करून दाखवलं की हे उलटे टी आणि लांबलेला क्यूटी स्नायूला आलेल्या सुजेशी जुळतात, मेलेल्या स्नायूशी नाही. म्हणजे वेलेन्सच्या रुग्णात जे आभाळ भरून येणं होतं, ते इथे पाऊस पडून गेल्यावरचं ओलं अंगण आहे.

नैयायिकांचा एक शब्द यासाठी अचूक आहे: उपाधि. धूर दिसला तर अग्नी असतो हे ठीक. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही; लाकूड ओलं असेल तर. ओलं लाकूड ही उपाधि. उलट्या टीवरून पुढच्या अटॅकचं भाकीत करायचं तर 'रक्तवाहिनी अरुंद झालेली आहे' ही उपाधि लागते. अक्काच्या बाबतीत ती नव्हती, आणि नाही हे सांगणारी अँजिओग्राफीची सीडी भाच्याच्या घरी कपाटात होती. दुसऱ्या दवाखान्यात ती मागितली नाही, आणि आमच्याही कोणाला न्यायचं सुचलं नाही. दोष वाटून घेऊ.

मोठ्या शहरात नेलं तेव्हा रात्र झाली होती. तिथल्या एका तरुण निवासी डॉक्टरीणबाईंनी आधी जुनी कागदपत्रं व्हॉट्सअॅपवर मागवली. मग ईसीजीचा कागद टेबलावर पसरून पेन्सिलने चौकोन मोजायला लागल्या. आणि मग त्यांनी विचारलं, "आजी, खोकल्यासाठी काय घेताय?" अक्का मेडिकलच्या दुकानातून मागवलेलं एक अँटिबायोटिक दोन दिवस घेत होती. ते त्यांनी त्या क्षणी बंद केलं, रक्तातलं पोटॅशियम तपासायला पाठवलं आणि रात्रभर मॉनिटरवर ठेवलं.

त्या काय मोजत होत्या? क्यूटी. ताकोत्सुबोच्या आलेखात उद्याची बातमी असेल तर ती बहुतांशी इथे असते. हृदयाच्या पेशींना पुन्हा तयार व्हायला फार वेळ लागायला लागला, तर मधल्या असुरक्षित क्षणी एखादा चुकार ठोका पडतो आणि लय पिसाळू शकते. फ्रान्सच्या देसरतेन यांनी १९६६ मध्ये या पिसाळलेल्या लयीचं वर्णन करून तिला 'तोर्साद द प्वँत' नाव दिलं, पिळवटलेली टोकं म्हणा हवं तर. तीत माणूस मिनिटांत जाऊ शकतो. धोक्याची खूण साधारण ५०० मिलिसेकंदांची मानतात. ईसीजीच्या कागदावर एक बारीक चौकोन ४० मिलिसेकंदांचा, म्हणजे साडेबारा चौकोन. काही अँटिबायोटिकं, उलटी थांबवायची काही औषधं, काही मनोविकारांची औषधं क्यूटी आणखी लांबवतात. पोटॅशियम उतरलं तरी तो लांबतो. म्हणजे हे भाकीत असं आहे की ते वाचल्यावर बदलता येतं, गोळी बंद करून. एवढं उपयोगी भाकीत ज्योतिषात नाही.

याच्याही मर्यादा आहेत. नाडीचा वेग वाढला की क्यूटी आपोआप आखडतो, म्हणून तो वेगाच्या हिशेबाने दुरुस्त करावा लागतो. त्याचं सर्वांत प्रचलित सूत्र हेन्री बॅझेट यांचं, १९२० चं, मोजक्या निरोगी तरुण पुरुषांच्या आलेखांवरून बसवलेलं. शंभर वर्षांनी ते आपण बहात्तर वर्षांच्या शोकग्रस्त विधवेला लावतो. वेगवान नाडीत ते क्यूटी आहे त्याहून जास्त लांब दाखवतं हेही माहीत आहे. तरी वापरतात, कारण सोपं आहे आणि सगळ्यांना येतं.

आता पुढचं, लांबचं भाकीत. २०१५ मध्ये झुरिकहून चालवल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीचा अहवाल आला: १७५० रुग्ण, ८९.८ टक्के स्त्रिया, सरासरी वय ६६.८. त्यातली एक गोष्ट लक्षात घ्या. भावनिक धक्का २७.७ टक्क्यांत होता, शारीरिक कारण, म्हणजे शस्त्रक्रिया, दम्याचा झटका, मेंदूचा विकार, हे ३६ टक्क्यांत, आणि २८.५ टक्क्यांत कारण सापडलंच नाही. 'भग्नहृदय' हे नाव गोड आहे, पण अपुरं आहे. दुसरी गोष्ट, निरुपद्रवी हा समज पार कोसळला. रुग्णालयातल्या गुंतागुंती नेहमीच्या अटॅकच्या तोडीच्या निघाल्या, आणि पुढे दर वर्षी १०० रुग्णांमागे ५.६ मृत्यू.

मग कोण जगेल, कोण नाही, हे कशावरून सांगायचं? त्या अहवालात रुग्णालयातला धोका सांगणाऱ्या गोष्टी होत्या: शारीरिक कारण, मेंदूचा किंवा मनाचा तीव्र विकार, ट्रोपोनिन फार वाढलेलं, हृदयाची पंप करायची ताकद कमी. २०१९ मध्ये जर्मन-इटालियन गटाने भाकितासाठी गुणांकन काढलं. त्यात चार गोष्टी: रुग्ण पुरुष असणं, मेंदूविकाराचा इतिहास, उजव्या कप्प्यालाही झळ लागलेली असणं, आणि डाव्या कप्प्याची ताकद. ईसीजी? त्यात नाहीच! २०१६ च्या युरोपीय तज्ज्ञांच्या निवेदनात ५०० मिलिसेकंदांचा क्यूटी आहे, पण तोही गौण धोक्यांच्या यादीत. याउलट निदानासाठी २०१७ मध्ये जे शंभर गुणांचं कोष्टक आलं, त्यात आलेखाला १८ गुण आहेत, एसटी खाली न जाण्याला १२ आणि क्यूटीला ६. आणि भावनिक धक्क्याला एकट्याला २४. म्हणजे आलेख बघण्याआधी 'काय झालं हो?' हे विचारण्याला जास्त गुण. अक्काला पहिल्या दिवशी कोणी ते विचारलं नव्हतं. कपाळ मोकळं होतं, तरी नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहते. अॅबर्डीनच्या डेना डॉसन यांच्या गटाने २०१८ मध्ये असे रुग्ण तपासले ज्यांना हे होऊन वर्ष उलटलं होतं आणि जे कागदोपत्री बरे झाले होते. त्यांची दमछाक खरी निघाली. व्यायामाची क्षमता कमी, स्नायूच्या हालचालीत बारीक उणीव, ऊर्जेच्या हिशेबातही तूट. अक्काचा ईसीजी तिसऱ्या महिन्यातच अगदी पुस्तकातल्यासारखा झाला. तेव्हापासून ती म्हणतेय की जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागतं, आणि तेव्हापासून घरातले आम्ही सगळे, मीसुद्धा, तो सरळ कागद तिच्यापुढे धरत आलो. "अगं, सगळं नॉर्मल आहे." अॅबर्डीनचा लेख वाचल्यावर मी तिला फोन केला आणि चुकलो म्हटलं. ती म्हणाली, "आता वाचलंस होय? मी तर केव्हाची सांगतेय."

प्रश्न घेऊ. मागच्या ताईंचा प्रश्न असा आहे की हातातल्या घड्याळावर ईसीजी निघतो, त्यात हे दिसेल का. घड्याळ एकाच दिशेने बघतं. ज्या एव्हीआर आणि व्हीवनची गोष्ट मी केली, ती जोडी त्यात नाही. आणि छातीत दुखत असताना घरी बसून हा अटॅक की ताकोत्सुबो असा विचार कोणीही करू नये. तो फरक अँजिओग्राफीनंतर कळतो. सरळ रुग्णालय गाठा, आणि घरात काय घडलं ते तिथे न लाजता सांगा.

दुसरा प्रश्न, आनंदानेही असं होतं का. होतं. त्याच नोंदवहीतल्या भावनिक कारणाच्या ४८५ रुग्णांत २० जणांना आनंदाच्या प्रसंगी झालं. लग्नं, वाढदिवस, नातवंडं. आपल्याकडे आनंदाची हाय खाल्ली असं म्हणत नाहीत.

तिसरा प्रश्न अक्काबद्दलचा. हो, ती ऐंशीची झाली. फाइल आता तिच्याच पिशवीत असते, सीडीसकट. औषधाच्या दुकानात गेली की आधी ती फाइल काउंटरवर ठेवते, मग चिठ्ठी देते.